जीनचा कोरा दिवस

जीन तुस्कानोबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. सहलीहून येऊन बरेच दिवस झाले, कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जीन वसईची. दुबईत एका हॉटेलच्या टूर डेस्कवर तिची उमेदीची वर्षं गेली. गेल्या वर्षी हॉटेलने तो डेस्कच बंद केला. पाहुणे म्हणे सगळं मोबाइलवर बुक करतात. नवरा वारलेला. व्हिसा तिच्या नोकरीवर, म्हणजे नोकरी गेली की वसईला परत. शेवटी बर दुबई भागातल्या एका लहानशा ट्रॅव्हल ऑफिसात तिला कोपऱ्यातलं टेबल मिळालं, तेही अटीवर. मालक फहद म्हणाला, "एक ग्रुप लेके जाओ. लोग खुश होके आए तो टेबल तुम्हारा. नहीं तो खलास."

तो ग्रुप म्हणजे आम्ही, शारजात मुलांकडे राहणारी म्हातारी मंडळी. जायचं होतं फिलिपीन्समधल्या पलावानला. समुद्रात लांबच लांब पसरलेला बेटांचा प्रांत आहे तो. जीनची हॉटेलातली मैत्रीण मारितेस तिथलीच, म्हणून जीन तिथे दोनदा राहून आलेली.

माहिती द्यायला ती आमच्या घरी आली. माझा मुलगा कुशल आणि सून शुभ्रा यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. आमचे पुढारी राजनराव. त्यांनी कार्यक्रमाचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"पॉइंट किती?"

"चार मोठ्या जागा, काका. डोंगराखालून वाहणारी नदी, ती मुख्य. मग बेटांची बोट, कड्यांच्या आतली निळी तळी आणि एक संध्याकाळ काजव्यांची."

"चार? समोरची कंपनी एकवीस देतेय! महाबळेश्वरला अर्ध्या दिवसात नऊ होतात. आणि हा बुधवार कोरा कसा?"

"मुद्दाम ठेवलाय."

"कोरा दिवस बघायला विमानाने जायचं? तो तर मला शारजात रोज फुकट मिळतो!"

सगळे हसले. मीही हसलो. जीनचा चेहरा लाल झाला, पण आवाज हलला नाही. "माझं माहेर वसईच्या पाचूबंदरचं, काका. बाबांची होडी होती. समुद्र कुणाचं टाइमटेबल वाचत नाही. दिवस कोराच राहील."

काही जण त्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. राजनरावही निघाले होते. त्यांच्या मंजुषावहिनी म्हणाल्या, "तुम्ही खुशाल जा. मी जीनबरोबर जाते. एकवीस वेळा बसमधून चढउतार करायला गुडघे माझे आहेत." राजनराव मुकाट्याने आमच्यात राहिले.

मंगळवारी सकाळी आम्ही नदीसाठी किनाऱ्यावरच्या गावी पोचलो. नदीच्या तोंडापर्यंत समुद्रातून बोटीने जावं लागतं. पण वारा सुटला होता, लाटा धक्क्यावर आपटत होत्या, आणि तटरक्षक दलाने बोटी बंद केल्या. ती दुसरी कंपनीही तिथेच होती. त्यांच्या गाइडने माणसांना नदीचं चित्र असलेल्या फलकापुढे उभं केलं, फोटो काढला आणि ओरडला, "यल्ला, यल्ला! नेक्स्ट पॉइंट!" बस गेलीसुद्धा.

"त्यांचे निदान वीस तरी होतील," राजनराव म्हणाले. "आमचं काय?"

"आपण उद्या जाऊ. त्यासाठीच बुधवार कोरा आहे."

"आणि उद्याही बंद असलं तर?"

"तर मी हरले, काका," जीन म्हणाली आणि नदीचे परवाने उद्यावर बदलून घ्यायला कचेरीकडे धावली.

परवाने मिळाले. पुढे काही तिच्या हातात नव्हतं. आम्ही किनाऱ्यावरच्या बांबूच्या खोल्यांत थांबलो, वहिनींचे लाडू खाल्ले. संध्याकाळी जीन एकटीच पाण्याकडे बघत उभी होती. फहदचा मेसेज आला होता, "सब ठीक?" तिने मला विचारलं, "काय लिहू, काका?" मी म्हटलं, "इन्शाल्ला लिही."

बुधवारी उजाडताच दारावर जीनच्या थापा पडल्या. "उठा, उठा! समुद्र निजलाय!"

खरंच निजला होता. आधी मोटरबोट, मग वल्ह्याची लहान होडी. डोक्यावर हेल्मेट, आत बोलायला मनाई. "वर बघताना तोंड बंद ठेवा," जीनने बजावलं. "वटवाघळं प्रसाद टाकतात."

मग डोंगराने आम्हाला आत घेतलं. होडीवाल्याची बॅटरी जिथे वळेल तिथे अंधारातून दगड उगवायचा. कुठे वितळलेल्या मेणासारखा, कुठे दुमडून ठेवलेल्या शालूसारखा. मधेच छत इतकं उंच गेलं की उजेड तिथे पोचेना. थेंब पाण्यात पडला की त्याचा आवाज लांबवर फिरून परत यायचा. राजनरावांनी वहिनींचा हात धरला होता. ते बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

मग आम्ही बाहेरच्या हिरव्या उजेडात आलो.

"अहो, पॉइंट झाला ना? मोजा," वहिनी म्हणाल्या.

"गप गं," राजनराव म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. गावात परतताच त्यांनी जीनकडून फोन मागून घेतला. "फहदभाई, मैं राजन. इस लडकी का टेबल पक्का करो. दिवाली के बाद हम फिर जा रहे हैं, पूरा ग्रुप!" मग जीनकडे वळून दटावल्यासारखं म्हणाले, "पुढच्या वेळी कोरे दिवस दोन ठेव. एकावर का भागवलंस?"

जीन हसली, रडली, आणि तिने धक्क्यावर दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. भरलेली होडी घेऊन बाबा बंदरात शिरायचे तेव्हा अशीच ठोकायचे, असं तिने नंतर सांगितलं. आम्ही सगळे म्हातारे तिच्यामागून ओरडलो. मीसुद्धा. एरवी मी फोनवरही हळू बोलतो.

आता बर दुबईतल्या त्या टेबलावर जीनच्या नावाची पाटी आहे, आणि समोरच्या खुर्चीत बहुतेक राजनराव असतात. परवा मी गेलो तेव्हा एक नवं गिऱ्हाईक विचारत होतं, "पॉइंट किती दाखवता?"

जीनने तोंड उघडायच्या आत राजनरावांनी चष्मा काढला. "बसा," ते म्हणाले. "आधी मला सांगा, कोरे दिवस किती हवेत?"