टेबलावरचं चुकीचं घड्याळ

बर दुबईतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढणारा हा मालवणी माणूस मुंबई आणि दुबई सोडून कुठेच गेलेला नव्हता. पण दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाबद्दल बोलताना वाटे, कालच तिथून आलाय. "समुद्राकडे आपल्यासारखीच वाळू, मग बर्फाचे डोंगर, पलीकडे जंगल. यल्ला साहेब, निघा!" काळजी वाटली की मात्र मालवणीवर यायचा. त्याच्या टेबलावरचं घड्याळ कधीच बरोबर नसायचं. असला माणूस आपली तिकिटं काढणार!

माझ्या बायकोला दमा आहे, हे बोलता बोलता निघालं. त्याने आम्हाला न विचारता विरळ हवेतल्या डोंगरावरच्या शहराआधी खालच्या खोऱ्यात दोन रात्री घातल्या. मी भडकलो.

"डोंगर खंय पळान जातलो?" एवढंच तो म्हणाला.

आम्ही पेरू मनसोक्त फिरलो. जांभळे बटाटे, बोराएवढ्या दाण्यांचा मका, लिंबात मुरवलेला कच्चा मासासुद्धा खाल्ला. परतल्यावर दोघं त्याला भेटायला गेलो.

"मासो कच्चो खाल्ल्यात?" त्याने कपाळावर हात मारला. मग बायकोकडे वळून हळूच विचारलं, "वयनी, दम लागलो नाय ना?"

"एकदाही नाही हो."

तो खुर्चीत मागे रेलला. बाहेर दुपारचा पाऊण वाजला होता आणि त्याच्या घड्याळात पावणेचार.

"घड्याळाचा सेल संपलाय का?" मी विचारलं.

"नाही साहेब. लांब गेलेलं गिऱ्हाईक जिथे असेल तिथली वेळ लावून ठेवतो."

त्याने घड्याळ उचललं आणि काटे नऊ तास पुढे नेले.

"खलास," तो म्हणाला. "आलात घरी."