स्पीकर तपासायचं गाणं

लकडगंजातल्या त्या स्पीकर दुरुस्त करणाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर तो एकाच गाण्यावर तपासतो. एका विलायती रॉक बँडनं गायलेली कव्वाली! आणि दर वेळी बँडला नावं ठेवतो.

"कव्वालीत गिटार काहून पाहिजे गा? गोऱ्याले साधी टाळी देता येत नाही."

मग स्क्रू ड्रायव्हर कानामागे खोचून स्वतःच टाळी देतो.

परवा माझा स्पीकर तपासताना नेमकी गिटार सुरू झाली आणि लाइन गेली. गाणं थांबलं, टाळी थांबली नाही. डोळे मिटून त्यानं गिटारचा तो अख्खा तुकडा तोंडानं वाजवला, एकही सूर न गाळता.

डोळे उघडले, तर समोर मी. तो खाकरला.

"पाहिलं ना गा? असं बेकार वाजवतेत!"