श्यामरावनं जोडलेला कॉम्प्युटर

आमच्या करडी गावात कुणालाही श्यामरावचं घर विचारा, समोरचा उलट विचारतो, "कोणता, कॉम्प्युटरवाला का?" आता घरोघरी मोबाईल आहेत, कॉम्प्युटरचं कौतुक कुणालाच राहिलं नाही. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलंच.

हे नाव रागातून पडलं. श्यामराव मोहाडीच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होता. शाळेत कॉम्प्युटर आले, तेव्हा ते एका खोलीत ठेवून दाराला कुलूप लावलं. धूळ पुसायची श्यामरावनं, पण बटण दाबायचं नाही. माझा हा मित्र मुळातच तिरसट. "पुसाले मी आन् पाहाले दुसरे? माहा मीच बनवतो," असं म्हणून तो नागपूरच्या फेऱ्या मारू लागला. कधी जुना मदरबोर्ड आणायचा, कधी नुसती रॅम. सगळ्यात आधी कॅबिनेट आलं, आणि कितीतरी दिवस ते रिकामंच होतं. त्याची बायको, आमच्या आनंदावहिनी, त्यावर तांब्या ठेवायच्या. मी चिडवायचो, "श्याम्या, रिकाम्या पेटीची काहून पूजा करून राहिला बे?"

तो कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी उमटल्या. बाकी काही नाही. तेवढ्यावर त्याच्या घरापुढच्या छपरीत जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! कशाला वाजवल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. आज हातातल्या मोबाईलवर जग दिसतं आणि लोकांचे चेहरे मात्र एरंडेल प्यायल्यासारखे. मला ती छपरी आठवली की अजून गलबलून येतं.

पुढं त्यानं एक माइक आणला आणि दिसेल त्याचा आवाज कॉम्प्युटरात भरायचा सपाटा लावला. कोंबडा झाला, भजनी मंडळ झालं, दंडारीच्या खेळातलं माझं बेसूर गाणं झालं. एका वर्षी रोवणा सरला, त्या दिवशी रोवणेकरी बाया त्याच्या छपरीत जेवायला बसल्या होत्या. आमच्याकडं भाताची रोवणी गाण्यावर चालते; एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती झेलून पुरी करतात. ओळ टाकायचा मान आनंदावहिनींचा. भाताच्या बांधीत त्यांनी तोंड उघडलं की शेताच्या धुऱ्यावरचा माणूस बिडी पेटवायची विसरायचा. श्यामरावनं माइक पुढं केला आणि वहिनी जेवता जेवता गायल्या.

मागच्या हिवाळ्यात त्याच वहिनींना लकवा झाला. हात सुधारला, चालूही लागल्या, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. आम्ही बोलायचो. त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या. गाव गाजवणारी बाई, आता पाणी मागायचं तर बोट दाखवायची. तिला त्याची लाज वाटायची, हे आम्हाला दिसायचं.

परवा श्यामराव माझ्याकडं आला. टेकला आणि म्हणाला, "कवडू, मले तिचा आवाज आठवून नाही राहिला बे. चेहरा समोरच आहे, पण आवाज आठवाले गेलो का काहीच येत नाही."

दोघं उठलो आणि त्याच्या घरी गेलो.

गाणी होती जुन्या हार्ड डिस्कवर. ती त्यानं कधीची काढून तिच्या जागी नवी बसवली होती. त्याची मुलगी डिंपल माहेरी आली होती, तिनं घर धुंडाळून जुनी डिस्क शोधली. श्यामरावनं ती जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला, पांढऱ्या ओळी आल्या आणि तिथंच सगळं थांबलं. डिस्क काढली की कॉम्प्युटर सुरू. लावली की ठप्प.

"वायर खराब असंल," मी म्हणालो. वायर बदलली. ठप्प. रॅम काढून खोडरबरानं घासली. ठप्प. दुसरी वायर आणखी जोर लावून दाबली. ठप्प.

"बाबा, नागपूरले देऊन पाहू ना," डिंपल म्हणाली. "काढून देतात म्हणे तिथं."

"आन् त्यायनं पुसून टाकली तं?" श्यामराव तिच्यावर खेकसला. मग डिस्क मांडीवर घेऊन नुसताच बसला. मला वाटलं, गेलं सगळं. वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीत, नेहमीसारख्या भिंतीकडं बघत.

शेवटी त्यानं चष्मा काढला, डिस्क डोळ्याला टेकवली आणि डिंपलला मोबाईलची बत्ती धरायला सांगितली. वायर जिथं बसते तिथं पिनांच्या बुडाशी काहीतरी पिवळं होतं. सुईनं टोकरलं तर बाहेर आलं तूस. धानाचं तूस! एक, मग दुसरं, मग चिमूटभर. आम्ही वायर दाबत होतो, तसं ते आणखी आत ठासत होतं.

"भुशात कोणं ठेवली होती हे?" श्यामरावनं विचारलं.

"मले तं भुशाच्या पिप्यातच भेटली," डिंपल म्हणाली.

आता सगळं उमगलं. आमच्याकडं पावसाळ्यात जपायचं ते भुशात जातं. अंडी, काचेचे पेले, सणाच्या बांगड्या. आजारी पडायच्या आधी कधीतरी वहिनींनी नवऱ्याची ही मोलाची वस्तू ओल लागू नये म्हणून तशीच जपली होती. आम्ही तिघं त्यांच्याकडं वळलो. त्या भिंतीकडंच बघत होत्या, पण खांदे हलत होते. रडतात की काय म्हणून डिंपल धावली. वहिनी हसत होत्या. लकव्यानंतर पहिल्यांदाच.

पिना साफ करून डिस्क जोडली. पांढऱ्या ओळी आल्या आणि पुढं सरकल्या. श्यामरावनं शोधत शोधत ते गाणं लावलं. आधी ताटांचा आवाज, कुणीतरी भाजी मागतंय, आणि मग तो आवाज, भरल्या गळ्याचा.

"बांधीच्या पाण्यात गं, कोनाची सावली..."

बाया जेवत होत्या, घास तोंडात, त्यामुळं ओळ झेलायला उशीर झाला. मधे नुसती शांतता. त्या शांततेत खुर्चीतून आवाज आला. घोगरा, अर्धे शब्द गिळलेले, पण सुरात.

"माय... माही... धावली..."

मग कॉम्प्युटरमधल्या बायांनी ओळ उचलली आणि तो आवाज त्यात बुडाला. डिंपलनं तोंडावर पदर धरला. डॉक्टर नंतर म्हणाले, असं होतं, बोलणं जातं पण गाणं कधीकधी उरतं. तेव्हा आम्हाला काहीच माहीत नव्हतं. वहिनी स्वतःच दचकल्या होत्या. गळ्याला हात लावून बसल्या, आणि मग दुसऱ्या हातानं नवऱ्याला खूण केली, पुन्हा लाव.

श्यामरावला डोळ्यांतल्या पाण्यानं पडदा दिसेना. मीच पुढं झालो आणि गाणं पहिल्यापासून लावलं.