मौन आणि कोंबड्या

संस्थानी अंमल होता तेव्हाची गोष्ट. भोरहून फायनलची परीक्षा पास होऊन मी आमच्या गावी, गुंजवण्याला परतलो तो डोक्यात एक प्रश्न घेऊनच: माणसानं जगायचं कशासाठी? आमच्या मास्तरांनी तो एकदा वर्गात सहज टाकला होता आणि घंटा झाली म्हणून उत्तर न देताच ते निघून गेले होते. बाकीच्या पोरांनी तो तिथंच सोडला. मी तेवढा घरी घेऊन आलो.

वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, गरवं भात कापायला आलंय आणि माणसं कमी आहेत. मला हे उत्तर फारच हलकं वाटलं. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि राजगडाच्या पायथ्याला आपल्याइतका विचारी माणूस दुसरा नाही याची मला खात्री होती. मी जाहीर करून टाकलं की गावाच्या वरच्या अंगाला आंब्याखाली जो सपाट दगड आहे, त्यावर अकरा दिवस मौन धरून बसणार आणि उत्तर घेऊनच उठणार. आईनं डोळ्याला पदर लावला. वडील म्हणाले, गप बसणार असलास तर अकराच दिवस कशाला? मग त्यांनी अट घातली. अकरा दिवस पुरे केले तर पुढं काय करायचं ते माझं मी ठरवावं. मध्येच तोंड उघडलं तर मुकाट्यानं विळा घ्यावा आणि हा विषय पुन्हा काढू नये.

पहिल्या दिवशी गावानं मान दिला. बायका दगडाला वळसा घालून गेल्या, एकीनं तर झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोपटातली म्हातारी आली. तिला मूलबाळ नव्हतं. एकच खाचर होतं, आणि त्यातलं लवकर पिकणारं हळवं भात झोडून तिनं दगडापुढच्या खळ्यावर वाळत घातलं होतं. वर्षाची बेगमी म्हणजे तेवढंच. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बसलाच हायस तर जरा कोंबड्या हाकल," ती म्हणाली.

मौन असल्यामुळं नाही म्हणता येईना. नुसती मान हलवून भागलं असतं, पण ते मला तिसऱ्या दिवशी सुचलं आणि तोवर बातमी पसरली होती. एकीनं आंब्याच्या फांदीला तान्ह्या पोराची झोळी बांधली. एकानं खुंट ठोकून शेळी बांधली. मी डोळे मिटून प्रश्न मनात आणला की पोर रडायचं, झोका द्यायला उठलो की कोंबड्या भातात शिरायच्या. गप माणसाला कोंबड्या भीत नाहीत हे मी त्या दगडावर शिकलो. मी हात हलवले की त्या मान वाकडी करून बघायच्या आणि पुन्हा टिपायला लागायच्या. दुपारी भाकरी खायला घरी गेलो तर म्हातारी उशीर झाला म्हणून कुरकुरायची. विरक्त माणसाला एवढी कामं असतात हे ठाऊक असतं तर मी त्या वाटेला गेलोच नसतो.

नवव्या दिवशी दुपारी गडामागून काळंभोर आभाळ चढून आलं. कापणीच्या दिवसांत पावसाचं कुणाच्या मनातही नव्हतं. म्हातारी खाली आमच्याच खाचरात कापणीला गेली होती, अर्धं गाव तिथंच होतं. मी भात गोळा करायला धावलो, पण एकट्याच्या ओंजळींनी ते कधी आवरणार? मग खळ्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात वर करून हलवले. खालच्यांनी मला पाहिलं, विळे ठेवले आणि हात जोडले. मला उत्तर सापडलं अशी त्यांची समजूत झाली होती. मी धोतराचा सोगा फडकवला, उड्या मारल्या. तेव्हा दोघातिघांनी भुईला डोकं टेकलं. एकटे वडील कमरेवर हात ठेवून उभे होते.

पहिला थेंब माझ्या नाकावर पडला. फक्त दोन दिवस उरले होते. मी समोरच्या भाताकडं बघितलं आणि बोंबललो,

"आजे, भात भिजतंय!"

मग सगळेच धावत वर आले. सुपं, पाट्या, घोंगड्या, हाताला येईल त्यात भरून भात म्हातारीच्या खोपटात नेऊन टाकलं. पाटीभर भिजलं असेल. आम्ही निथळत उभे असताना वडील म्हणाले, "नऊ दिवस इचार करून येवढंच सापडलं व्हय?" सगळे हसले. मला मात्र रडू येत होतं, कारण मी हरलो होतो.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मी विळा घेऊन वडिलांच्या बाजूला वाकलो. पेंढीभर कापलं असेल नसेल, तोच बांधावर म्हातारी येऊन उभी राहिली. रागावली होती.

"दगडावर कुनी न्हाई," ती वडिलांना म्हणाली. "म्या भात कुनाच्या जिवावर वाळत घालू?"

भोरला मी एकदा पंधरा दिवस तापानं पडून होतो. बाकावरची माझी जागा रिकामी आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. इथं एका सकाळीच ती रिकामी दिसली होती, कोंबड्यांच्या निमित्तानं का होईना. मला इतका आनंद झाला की कापलेली पेंढी हातातून सुटली. पुढं मी पुष्कळ ठिकाणी बसलो, खुर्चीवरही बसलो, पण त्या सकाळी सापडलेलं उत्तर बदलावं असं मला कधी वाटलं नाही. आपण नसलो की कुणाची तरी पंचाईत व्हावी, त्यासाठी जगावं.

वडिलांनी माझ्या हातातला विळा काढून घेतला. मी म्हातारीच्या मागं चढण चढू लागलो.

"आज बोलत बस," ती मागं न बघता म्हणाली.