गच्चीवाल्या वहिनी

कुठल्याही घरी गेल्या की वहिनी आधी गच्ची बघायच्या. बारसं असो, वास्तुशांत असो, नाहीतर कुणाच्या आजारपणात भेटायला गेलेल्या असोत. हातातली पिशवी घरातल्या बाईकडे देऊन "जरा वर जाऊन येते हं" म्हणत त्या जिन्याकडे वळायच्या. थोड्या वेळाने पदर सावरत खाली यायच्या आणि मग पाणी प्यायच्या. नवीन माणसाला वाटायचं, बाई जरा विचित्रच दिसते. पंचवटीतल्या जुन्या लोकांना मात्र त्याचं काही वाटत नसे. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गच्चीवरून वहिनींची केबल गेलेली होती.

केबलचा धंदा सुरू केला तो त्यांच्या यजमानांनी, बापूंनी. टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. नव्वदीच्या सुरुवातीला घरोघरी केबलची हौस आली तेव्हा त्यांनी दुकानावर मोठी डिश बसवली आणि गल्लीभर तारा ओढल्या. पुढे एका कौलावरून पाय घसरला आणि त्यांची पाठ कायमची धरली. त्यांना चढउतार जमेना. माणसं म्हणाली, विकून टाका. वहिनींनी पातळाच्या खाली कॅनव्हासचे बूट घातले, कमरेला पक्कड-पेचकस अडकवला आणि स्वतःच गच्च्या चढायला लागल्या. बापू कंट्रोल रूममध्ये बसून यंत्रं सांभाळत आणि तक्रारीचे फोन घेत.

गच्चीवरून तार न्यायची तर घरमालकाची परवानगी लागे. वहिनी पुरुषांकडे कधी गेल्याच नाहीत. "गच्चीवर पापड कोण वाळवतं? तिलाच विचारायचं," असं त्या म्हणायच्या. त्या दुपारी जायच्या, पापड लाटू लागायच्या, सुनांच्या बाळंतपणाची चौकशी करायच्या, आणि उठताना तारेचा विषय काढायच्या. त्यांना नाही म्हणणारी बाई मी तरी पाहिली नाही. एक पाहिली; तिची गोष्ट पुढे येईल.

मी त्यांच्याकडे कामाला लागले ते इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, आम्ही तिथल्याच वसाहतीत राहायचो. मुलीने केबलवाल्याकडे नोकरी करावी, हे वडिलांच्या पचनी पडेना. वहिनी एका रविवारी आमच्याकडे आल्या. नेहमीप्रमाणे आधी गच्चीवर जाऊन आल्या. मग वडिलांना म्हणाल्या, "साहेब, तुम्ही वीज तयार करता. ती घरात पोचवतो तो वायरमन तुम्हाला कमी वाटतो का?"

वडील म्हणाले, "तसं नाही हो. पण मुलीची जात, शिड्या चढायच्या..."

"मी काय मुलाची जात आहे?" वहिनी म्हणाल्या. वडिलांना हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला जायला लागले.

तोपर्यंत दोन हजार साल उलटून गेलं होतं. केबलमधून इंटरनेट द्यायला आम्ही सुरुवात केली होती आणि ते चांगलं चाललं होतं. तेवढ्यात शहरात एक मोठी केबल कंपनी उतरली. तिची माणसं आमच्या गिऱ्हाइकांना फुकट जोडणी द्यायला लागली. आमच्या तारा अधूनमधून कापलेल्या सापडायच्या. कोण कापतं ते कळत नसे. आजूबाजूचे छोटे केबलवाले एकेक करून कंपनीला मिळाले. वहिनींकडेही निरोप आला. त्या म्हणाल्या, "विचार करते." आणि त्यांनी खरोखरच विचार केला, पण वेगळाच.

दिंडोरीच्या अलीकडे आबा म्हणून एक द्राक्ष बागायतदार होते. त्यांनी माल परदेशी पाठवायला पॅकहाउस उभं केलं होतं. तिकडचे व्यापारी सगळं ईमेलवर विचारत. आबांच्या गावात टेलिफोन महिन्यातले निम्मे दिवस मुका. एक ईमेल पाठवायला ते मोटरसायकलवर नाशिकला येत आणि आमच्या ऑफिसात बसत. एकदा त्यांचं उत्तर उशिरा पोचलं आणि गाडीभर माल तिकडून नाकारला गेला. ते त्या दिवशी आमच्या बाकावर नुसते बसून राहिले, चहासुद्धा घेतला नाही. वहिनी म्हणाल्या, "आबा, पुढच्या हंगामाच्या आत तुमच्या पॅकहाउसमध्ये इंटरनेट देते."

आबा गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, एवढी लांब केबल टाकणार कशी? वाटेत शेतं, रस्ता, ओढे."

"केबल कोण टाकतंय?" त्या म्हणाल्या. "मुंबईला केबलवाल्यांचं प्रदर्शन आहे. बिनतारीचं बघायला जायचंय आपल्याला."

घराबाहेर अशी बिनतारी यंत्रं लावायला पूर्वी परवाना लागायचा. सरकारने त्यात नुकतीच मोकळीक दिली होती, म्हणून त्या वर्षी प्रदर्शनात सगळीकडे बिनतारीचाच बोलबाला होता. आम्ही नाशिकरोडहून पहाटेची गाडी धरली. वहिनींनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, पायात तेच बूट. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने आमच्यामागे कुणी येतंय का ते पाहिलं आणि विचारलं, "सर नहीं आए?"

"सर मीच," वहिनी मराठीतच म्हणाल्या. "लिही, प्रोप्रायटर."

आत गेल्यावर माझे डोळे दिपले. गालिचे, दिवे, मोठे पडदे, हातात कापडी पिशव्या कोंबणाऱ्या मुली. जिथे जावं तिथे दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवलेले, एकावरचा सिनेमा दुसऱ्यावर दिसतोय, आणि टाय लावलेला कुणीतरी "वायर नाही, काही नाही!" असं म्हणून हात पसरतोय. मी प्रत्येक ठिकाणी मान डोलवत होते. वहिनींनी एका टेबलाची झालर उचलून खाली वाकून पाहिलं. खाली विजेच्या तारांचा हा गुंता. "तारा नाहीत म्हणता, मग हे काय ठेवलंय?" त्यांनी विचारलं. तो मनुष्य गोरामोरा झाला.

प्रत्येक स्टॉलवर त्यांचे प्रश्न ठरलेले. मध्ये झाड आलं तर? पाऊस आला तर? वीज गेली तर? आणि प्रत्येक स्टॉलवर एकच उत्तर, "नो प्रॉब्लेम, मॅडम." दुपारपर्यंत वहिनी वैतागल्या. एका कोपऱ्यातल्या लहानशा स्टॉलवर नितीन नावाचा पुण्याचा तरुण इंजिनिअर एकटाच उभा होता. त्यालाही त्यांनी विचारलं, "हे बंद कुठं पडतं?"

तो म्हणाला, "मॅडम, इथं आत नाही सांगता येणार. बाहेर जाऊन बघावं लागेल."

"मग चल की."

त्याने शेजारच्या स्टॉलवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं, एक लॅपटॉप उचलला आणि आम्ही तिघं दाराबाहेर पडलो. सिनेमा चालू. गाड्यांच्या मैदानात आलो, तरी चालू. मागून चार-सहा बघे यायला लागले. मैदानाच्या टोकाला जेवणाचं सामान आणणारा एक मोठा ट्रक उभा होता. त्याच्या आडोशाला गेलो आणि पडद्यावरचं चित्र थिजलं. एक पाऊल मागे घेतलं की सुरू, पुढे टाकलं की बंद. बघ्यांतला एक जण हसला. नितीनचं तोंड उतरलं.

वहिनींचा चेहरा मात्र उजळला. "अरे, वाईट काय वाटून घेतोस? चालतं कसं ते सकाळपासून सगळेच दाखवतायत. बंद कुठं पडतं ते दाखवणारा तू एकटा. तुझ्याकडूनच घेणार मी. नाशिकला कधी येतोस?"

परतीच्या गाडीत मी विचारलं, "बाकीच्यांची यंत्रं जास्त भारी नव्हती का?"

"असतील," त्या म्हणाल्या. "पण उद्या बंद पडलं की ते माझा फोन उचलणार नाहीत. हा उचलेल." एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि मला मेथीचा ठेपला दिला.

नितीन दिवाळीनंतर यंत्रं घेऊन आला. वहिनींच्या घराची गच्ची आणि आबांचं पॅकहाउस यांच्या मध्ये टेकडीचा उंचवटा होता. त्यावर कुठेतरी मधलं ठाणं लागणार होतं. उंचवट्यावर एकच बंगला, एका शेतकरी कुटुंबाचा. त्याच्या गच्चीवरून दोन्हीकडचं स्वच्छ दिसायचं. वहिनी खूश झाल्या. पण घरच्या काकूंनी ठाम नकार दिला.

"नाय बाई. टावरनं माणसं आजारी पडत्यात, लय ऐकलंय मी. माझी सून पोटुशी हाय. नगं."

नितीनने समजवायला सुरुवात केली: मोबाइलचा टॉवर वेगळा, हे वेगळं, याची शक्ती किती कमी. वहिनींनी त्याला हाताने थांबवलं. "काकू, तुमचं बरोबर आहे. नको तर नको," त्या म्हणाल्या, सुनेला काय खावंसं वाटतं ते विचारलं, चहा घेतला आणि निघाल्या.

वाटेत मी रडकुंडीला आले. हंगाम तोंडावर आलेला, दुसरी जागा नाही. "तुम्ही लगेच माघार का घेतली?" मी म्हटलं.

"तिच्या घरात लेकरू यायचंय. तिथं आपण हुशारी करायची का?" वहिनी म्हणाल्या. "पण घाबरणाऱ्या माणसाला सांगून उपयोग नसतो गं. दाखवावं लागतं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी काकूंना आणि सुनेला हळदीकुंकवाला घरी बोलावलं. आमच्या गच्चीवरचं यंत्र तोवर बसलं होतं. वहिनींनी त्यांना वर नेलं, अँटेना दाखवला, आणि मग खाली आणून त्याच्या बरोबर खालची खोली दाखवली. तिथे बापू पलंगावर पडून पेपर वाचत होते. "हे माझं घर, हा माझा नवरा. वाईट असतं तर याच्या डोक्यावर ठेवलं असतं का?" वहिनींनी विचारलं.

काकू बापूंकडे बघत राहिल्या. "दादा, झोप लागती का?"

"ही घोरते, तेवढं सोडलं तर लागते," बापू म्हणाले.

सून आधी हसली. मग काकूही हसल्या. तरी त्यांनी अट घातली: यंत्र घरावर नको, विहिरीजवळच्या पाण्याच्या टाकीवर बसवा, आणि सुनेला एक दिवस जरी बरं वाटेनासं झालं तरी काढून न्या. वहिनींनी दोन्ही कबूल केलं. टाकी गच्चीपेक्षा ठेंगणी, म्हणून नितीनला एक लोखंडी पाइप जोडून उंची वाढवावी लागली. कुरकुर न करता त्याने ती वाढवली.

जोडायच्या दिवशी लख्ख ऊन होतं. नितीन आबांच्या पॅकहाउसवर, मी आणि वहिनी टाकीवर. आमच्या गच्चीकडचा दुवा सकाळीच लागला. पॅकहाउसकडचा काही केल्या लागेना. तिकडून टाकी हिरवाईत हरवत होती आणि अँटेना नेमका कुठे रोखायचा ते नितीनला कळत नव्हतं. मला शाळेतला खेळ आठवला. मी काकूंकडून आरसा मागून आणला. वहिनींनी तो हातात घेऊन उन्हाचा कवडसा दिंडोरीच्या बाजूला फेकायला सुरुवात केली. मोबाइलवर नितीन ओरडला, "दिसलं, दिसलं! तसाच धरा!" वहिनींनी हात दुखेपर्यंत आरसा धरून ठेवला. माझ्या हातातल्या यंत्रावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि मग स्थिर झाला.

थोड्या वेळाने आबांचा फोन आला. "वहिनी, गेलं!"

वहिनींनी विचारलं, "गेलं म्हणजे? बंद पडलं?"

"अहो, ईमेल गेलं! त्याचं उलट उत्तरबी आलं!"

वहिनी टाकीच्या कठड्यावर मटकन बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. खाली काकू विचारत होत्या, "झालं का वो? जेवायला उतरा आता."

त्या हंगामात आबांचा सगळा माल वेळेवर गेला. त्यांचं पाहून आजूबाजूच्या बागायतदारांनी जोडण्या मागितल्या, मग एका शाळेने, मग एका दवाखान्याने. काकूंची सून सुखरूप बाळंत झाली. बारशाला आम्हाला मानाचं बोलावणं होतं. शहरातलं केबलचं काम वहिनींनी पुढे कंपनीला दिलं, पण आपल्या अटींवर: आमच्या एकूण एक माणसाला तिथे नोकरी. कंपनीचा साहेब म्हणाला, "बघू." वहिनी म्हणाल्या, "मग मीही बघते," आणि उठल्या. साहेब दारापर्यंत मागे आला. बिनतारीचं काम मात्र त्यांनी आपल्याकडे ठेवलं आणि पाटीवर त्यांच्या नावाशेजारी माझं नाव घातलं.

दरवर्षी आम्ही दोघी प्रदर्शनाला जायचो. मग एका वर्षी त्यांचे गुडघे फार धरले आणि त्या म्हणाल्या, "या वेळी तू एकटीच जा." मी गेले. यंत्रं नव्या जातीची, जास्त वेगाची, आमच्या जुन्यांशी न जुळणारी. घ्यायची म्हणजे सगळंच बदलायचं. निर्णय होईना. हॉलच्या गोंगाटातून बाहेर येऊन मी वहिनींना फोन लावला आणि सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मग, काय करू?" मी विचारलं.

"मी बघितलंय का? तू बघितलंयस. मला विचारू नकोस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

मला राग आला. हॉलभोवती एक चक्कर मारली, आत गेले आणि नवीन यंत्रं सांगून आले. ती बसवायच्या दिवशी वहिनी येतील म्हणून मी वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. मी मनातून हिरमुसले, पण काम चांगलं झालं. पुढे दीडेक वर्षाने, झोपेतच, वहिनी गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मी बापूंजवळ बसले होते. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की त्या दिवशी वहिनी का आल्या नाहीत ते मला कधी कळलंच नाही.

बापू म्हणाले, "अगं, सकाळपासून नवं पातळ नेसून तयार बसली होती. रिक्षासुद्धा दारात आणून ठेवलेली. मग एकदम म्हणाली, नको, मी गेले तर ती यंत्राकडे बघायची सोडून माझ्याकडे बघत बसेल. रिक्षा परत पाठवली, आणि दिवसभर फोनपाशी बसून राहिली."