शाळा हलवली त्या दिवशीची खिचडी

हे आजवर मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि माझी बायको म्हणजे, माझ्या चपलेत खडा गेला तरी तिला कळतं. पण बोलक्या माणसाच्या पोटात काही असेल असं कुणाला वाटत नाही बघा. हा तर सगळंच बडबडतो, याच्याकडं लपवायला काय उरलं असेल?

उरलंय. सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. मुखेड तालुक्यातलं गाव — नाव राहू द्या. आता रिटायर होऊन लातुरात असतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी चांगला मुख्याध्यापक होतो. हे म्हणायला मला लाज वाटत नाही. माझी घंटा कधी पाच मिनिटं इकडंतिकडं झाली नाही. आणि एका दिवसात अख्खी शाळा जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत नेली, ती मीच. त्याचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल, लई फिरला होता तो.

जुनी शाळा गावाच्या मधोमध, मारुतीच्या पाराला लागून. पत्रे गळके, आणि एका भिंतीला हात जाईल एवढी भेग. नवी इमारत ओढ्यापलीकडं गायरानात बांधून झाली, पण सामान न्यायचं कुणी? वर विचारलं तर उत्तर आलं, तुमच्या पातळीवर बघा. बघतो म्हटलं! उन्हाळ्याची सुटी होती. आठ दिवस घरोघर फिरलो आणि एका रविवारी दिवस उगवायला तीनशे माणूस उभं केलं. ट्रॅक्टरनं चार खेपांत सगळं झालं असतं म्हणा. पण मला रांग हवी होती. जुन्या शाळेच्या दारापासून ओढा ओलांडून नव्या शाळेच्या पायरीपर्यंत माणसांची रांग, आणि पुस्तकं, नकाशे, पृथ्वीचा गोल, कवायतीचा ढोल, सगळं हातातून हातात. जड कपाटं तेवढी ट्रॅक्टरवर घातली. कुणाशेजारी कोण उभं राहणार तेही मी कागदावर लिहून आणलं होतं. जमीनदाराच्या शेजारी बौद्धवाड्यातला, त्याच्या शेजारी मोमीन, त्याच्या शेजारी वाणी. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. नांदेडला माझा सत्कार झाला, तिथं मी याच रांगेवर अर्धा तास बोललो.

बघा, आताही रांगेचंच सांगत बसलो. सवय आहे. चुलीकडं मी कधी येतच नाही. आज येतो.

शाळेत पोषण आहाराची खिचडी पंचफुलाबाई करायच्या. बौद्धवाड्यातल्या. आठ वर्षं दीडशे लेकरांना रोज त्यांच्या हातचं. लसूण दगडानं ठेचून टाकायच्या, मिक्सरचं नाव काढू द्यायच्या नाहीत. पोरं ताटली चाटूनपुसून ठेवायची, धुवायचं काम उरायचं नाही. शाळा हलवायचं ठरलं तेव्हा त्या आपणहून माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "सर, त्या दिशी समद्या गावाला खिचडी मी घालणार. नव्या शाळंची चूल पयल्यांदा मी पेटवणार." एवढ्यावर थांबल्या नाहीत. देवणीला भाऊ असतो त्यांचा, त्याच्याकडून मोठं पातेलं एस्टीत घालून घेऊन आल्या. कंडक्टरशी भांडून. ते भांडण त्यांनी मला हातवारे करून सांगितलं, दोघंही पोट धरून हसलो.

आणि आदल्या दिवशी मी त्यांना म्हणालो — "पंचफुलाबाई, तुमची नजर पक्की. उद्या तुम्ही नव्या शाळेच्या दारात उभ्या राहा, आलेलं सामान यादीशी ताडून घ्या. एवढं जोखमीचं काम मी दुसऱ्या कुणाला देऊ?"

"अन् खिचडी?"

"त्याचं बघतो मी."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि "बरं सर" म्हणाल्या. खिचडीला मी सप्ताहात स्वयंपाक करणारी मंडळी बोलावली.

आता तुम्ही म्हणाल, गावातल्या कुणीतरी दबाव आणला असेल. कुणी आणला? कुणीच नाही! हाच तर मुद्दा आहे. कुणी चकार शब्द काढला नव्हता. मीच माझ्या मनात पंगत बसवली, आणि मनातल्या मनातच दोन-चार जणांना ताटावरून उठवलं. लेकरं रोज खातात ते चालतं, लेकरांना कोण विचारतं? पण मोठी माणसं जेवायला बसणार, व्यंकटरावांसारखी जमीनजुमल्याची माणसं. त्यातलं एक जरी उठलं तरी माझ्या रांगेचं काय? पुस्तकांचा गठ्ठा कुणाच्याही हातून आला तरी कुणाची हरकत नसते. तिथं मी सगळ्यांना शेजारी उभं केलं, कारण तिथं धैर्य लागत नव्हतं. लागत होतं ते चुलीपाशी.

दुपारी पंगत बसली. व्यंकटराव पहिल्याच ओळीत. ते शाळा समितीचे अध्यक्ष, गावात शब्दाला वजन. घास घेतला, चावला, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "गुरुजी, ही पंचफुलाबाईच्या हातची न्हाई."

मी वाढप्याला त्यांच्या ताटात आणखी वाढायची खूण केली.

"माझी नात घरी नाक मुरडती हो. शाळंतल्यावानी खिचडी कर म्हणून आईचं डोकं खाती. म्हटलं आज आपुन बी खाऊन बघावं. कुठं हाय ती? तिला काय काम लावलंय तुम्ही?"

त्या वेळी मला खरं बोलता आलं असतं. माझंच चुकलं, मलाच भीती वाटली, असं म्हटलं असतं तर हा माणूस हसला असता आणि मला दोन शिव्या घालून मोकळा झाला असता. मी काय म्हणालो? "मी तर त्यांनाच सांगितलं होतं. बाईच नको म्हणाल्या. एवढ्या माणसांचं आपल्याला झेपत नाही म्हणाल्या."

किती सफाईनं बोललो! अडखळलोसुद्धा नाही.

"आसं व्हय," म्हणाले आणि जेवायला लागले. ओळीतल्या सगळ्यांनी ऐकलं. पंचफुलाबाई तिकडं दारात, उन्हात, यादीवर खुणा करत होत्या.

जूनमध्ये समितीची बैठक झाली. शाळेला सातवी-आठवी जोडली होती, ताटं बरीच वाढणार होती. व्यंकटराव अगदी साध्या मनानं म्हणाले, "बाई चांगली हाय, पण जास्ती माणसाचं तिला झेपत न्हाई. तिनंच गुरुजीला सांगितलंय ना." सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक वाक्य पुरलं असतं हो. एकच. मी मान डोलावली. आणि ठराव लिहिला — माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात — 'सदर महिलेने स्वतःहून असमर्थता दर्शवल्याने.' खाली सही केली आणि स्वयंपाकाला दुसरी बाई नेमली.

नव्या शाळेतली चूल पंचफुलाबाईंनी एकदाही पेटवली नाही. त्या सोयाबीनच्या खुरपणीला जायला लागल्या. मला ते रोज शाळेच्या खिडकीतून दिसायचं.

त्याआधी, ठराव झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शाळेत पडून असलेलं भावाचं पातेलं न्यायला त्या आल्या होत्या. मी हजेरी लिहीत होतो. त्या दारातच उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, झेपत न्हाई आसं मी कवा म्हणले?"

मी म्हणालो, "समितीचा निर्णय आहे." आणि खाली बघून हजेरी लिहीत राहिलो. सुटी संपली नव्हती, वर्गात एक पोरगं नव्हतं. मी रिकाम्या वर्गाची हजेरी लिहीत होतो आणि ते त्यांना दिसत होतं. त्यांनी पातेलं पदरानं पुसलं, डोक्यावर घेतलं आणि ओढ्याच्या वाटेनं गेल्या.

त्या कधीच तसं म्हणाल्या नव्हत्या. मी म्हणालो होतो.