माझ्या एकटीच्या पेपरातलं शब्दकोडं

या धाग्यावर मी आजवर फक्त खोट काढायला आलेली आहे. कुणाला पुलाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली की "तिथे दिवे होते का? तुमचा चष्मा कुठे होता?" असं विचारणारी मीच. जुन्या सभासदांना माझा आयडी आठवत असेल. आज मी लिहितेय म्हटल्यावर ते हसतील. हसा. तेवढा हक्क तुमचा आहे.

माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि हे सगळं होऊनही बसलेला नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि त्याची चार कात्रणं माझ्या कपाटात आहेत.

मी करंजाड्याला राहते. वय बावन्न, नोकरी बेलापूरला सरकारी कार्यालयात. नवरा दुबईला, मुलगी पुण्याला. सकाळी साडेसहाला पेपर येतो, पावणेसातला चहा आणि शब्दकोडं. गेली नऊ वर्षं मी एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोजच्या कोड्याचं परीक्षण लिहिते. आज विषय काय होता, कुठला संकेत झकास, कुठला ओढूनताणून आणलेला, आणि शेवटी दहापैकी गुण. साठेक माणसं आहेत ग्रुपवर, बहुतेक निवृत्त. आठ वाजले तरी माझं परीक्षण आलं नाही तर "नंदाताई, बऱ्या आहात ना?" असे मेसेज येतात. माझी एक पद्धत आहे – पेन हातात घेण्याआधी सगळे संकेत वाचायचे. विषय आधी, उत्तरं मागून. जो पहिल्याच आडव्या शब्दाला पेन लावतो तो कोडं सोडवत नाही, आपल्या मनातलं त्यात कोंबतो. हे मी ग्रुपवर लोकांना इतक्यांदा सुनावलंय की ते माझी नक्कल करतात.

गेल्या फेब्रुवारीतला सोमवार. मी लिहिलं – "विषय : आजारी माणसाचं खाणं. पेज, आटवल, मोसंबी. 'फुंकर घालून भरवलेला' हा संकेत छान, उत्तर 'घास'. सात गुण."

पाच मिनिटांत ग्रुप पेटला.

"ताई, आज नद्या होत्या. गोदावरी, इंद्रायणी..."

"ताई कुठला पेपर घेतात? डॉक्टरांच्या वेटिंग रूममधला का?"

मी फोटो टाकला. त्यांनी त्यांचे टाकले. पेपर तोच, तारीख तीच, पान तेच. कोड्याच्या शेजारचं राशिभविष्यही तेच. फक्त कोडं वेगळं.

मी सरळ विचार करणारी बाई आहे. करंजाडे रायगड जिल्ह्यात येतं, तेव्हा आवृत्ती वेगळी असणार. पण ग्रुपवरच्या पनवेल आणि कामोठ्याच्या, म्हणजे रायगडातल्याच, दोघांकडेही नद्याच होत्या. मग मी खाली गेले आणि पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा पेपर मागून बघितला. त्यांचा आणि माझा पेपर एकच माणूस, एकाच गठ्ठ्यातून टाकतो. त्यांच्याकडेही नद्या.

मंगळवारी पुन्हा. ग्रुपवर सगळ्यांना फुलं. मला एक खोली. 'खिडकीतून दिसणारी लोखंडी पेटी, चार अक्षरी' – कंटेनर. 'बंद पडूनही भिंतीवर राहिलेले' – घड्याळ. 'पायाशी झोपणारे' – मांजर. मी परीक्षण लिहायला घेतलं आणि "विषय :" च्या पुढे हात थांबला. कारण ती खोली मला माहीत होती.

माझा मोठा भाऊ – दादा – न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. आमचं गाव तिथलंच, खाडीच्या काठाचं. गावाचं नाव देत नाही. दादाच्या घरातल्या मागच्या खोलीच्या खिडकीतून एकावर एक रचलेले कंटेनर दिसतात, बाकी काही नाही. आमची आई त्याच खोलीत वारली. सहा वर्षांपूर्वी. सोमवारी आजारी पडली, गुरुवारी दुपारी गेली. आणि मला फोन आला गुरुवारी चार वाजता – "आई गेली."

चार दिवस. करंजाड्यापासून ते गाव तासाभराच्या आत आहे. चार दिवसांत दादाने मला एक फोन केला नाही. बाराव्याला मी सगळ्या भावकीसमोर त्याला विचारलं, "मला जिवंतपणी तोंड का बघू दिलं नाहीस तिचं?" तो मान खाली घालून बसला. एक शब्द बोलला नाही. मला तेवढं पुरे झालं. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढले नाही. त्याच्या मुलीच्या, पिंकीच्या लग्नाची पत्रिका आली. मी गेले नाही, आहेरही पाठवला नाही. रक्षाबंधनाला तर नाव नको.

असो. बुधवारी कोड्यात आई होती. सरळ सरळ. 'अंगावरच्या लुगड्याचा रंग' – हिरवा. 'डोक्याला लावायला मागितलेले' – खोबरेल. 'सकाळपासून तीनदा मागितलेले, दिले नाही' – बर्फ. संपादक असते तर मी ते कोडं परत पाठवलं असतं. 'सकाळपासून तीनदा' हा काय संकेत झाला? वाचकाला कसं कळणार कुणाची सकाळ?

त्या दिवशी मी दोन फोन केले. पहिला पेपरच्या कचेरीत. तिथला माणूस अगोदर सभ्यपणे बोलला. कोडी म्हणे महिनाभर आधीच तयार असतात. मग वैतागला.

"मॅडम, तुमच्या एका घरापुरतं कोडं आम्ही कशाला छापू?"

हेच ग्रुपवरच्या जोशी काकांनी सांगितलं. ते तीस वर्षं छापखान्यात होते. "नंदाताई, पानाची प्लेट एकच असते. हजारो प्रती तिच्यावरून निघतात. मधली एकच प्रत वेगळी काढायची तर मशीन थांबवावं लागेल, प्लेट बदलावी लागेल. असं कुणी करत नाही. तुमचा फोटो मी मोठा करून बघितला, शाई ओरिजिनल आहे. मला काही समजत नाही."

दुसरा फोन वहिनीला. सहा वर्षांनी. नंबर अजून तोच होता.

"कोन?"

"मी नंदा."

"आज सूर्य कुठशी उगवला गो? नंबर चुकून लागला का?"

"वहिनी, एकच विचारायचंय. आई गेली तेव्हा तिच्या अंगावर लुगडं कुठलं होतं?"

"तुला लुगडा पायजे का आता?"

"नको. रंग सांग फक्त."

"हिरवा. तुझ्या लग्नान घेतलेला." आवाज थोडा खाली आला. "का गो?"

"आणि बर्फ मागितला होता तिने?"

"...तुला कोनी सांगितला? तिच्यापाशी आमी दोघाच व्हतो. डाक्टरनी नको म्हनला व्हता बरफ. शेवटच्या दिवसापर्यंत मागत व्हती. मना अजून जेवताना आठवतं." मग एकदम धारदार – "यानी सांगितला का तुला? तुमी बोलता का एकमेकांशी?"

"नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

लुगड्याचं मी आधी कधी ऐकलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले. पण मी पोचले तेव्हा आईला आंघोळ घालून दुसरं नेसवलेलं होतं, आणि बर्फाचं मला कुणी सांगितलं असतं तर मी ते विसरले नसते.

गुरुवारी पेपर आला तेव्हा मी दारातच उभी होते. तिथेच पान उलगडलं. डाव्या कोपऱ्यातला पहिला चौकोन. एक आडवा – '"तिला बोलावू नका" असे बजावणारी व्यक्ती, दोन अक्षरी.'

नऊ वर्षांची पद्धत मी त्या दिवशी मोडली. पुढचा एकही संकेत वाचला नाही. पेन घेतलं आणि लिहिलं – दादा. इतकं दाबून की कागद फाटला. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. सहा वर्षांनी कुणीतरी माझ्या बाजूने छापून दिलं होतं.

मग एक उभा. तो त्याच चौकोनातून सुरू होतो. 'कढीला आंबटपणा आणणारे वाळवलेले फळ, चार अक्षरी.'

आमसूल. हे तर शाळेतल्या पोरालाही येईल. 'दा'पासून सुरू होणारं असं फळ जगात नाही. तरी मी दहा मिनिटं शोधलं. स्वयंपाकघरात बसून, समोर आमसुलाची बरणी असताना. मग 'दा'वर काट मारली, 'आ' लिहिला. 'आ'पासून दोन अक्षरी, "तिला बोलावू नका" असं सांगू शकणारं त्या घरात एकच माणूस होतं.

मी ऑफिसला कळवलं की येत नाही, चार कात्रणं पर्समध्ये टाकली आणि रिक्षा करून गावाला गेले. ट्रेलरच्या रांगेत पाऊण तास अडकले. मनात एकच. दादाने "हो" म्हटलं तर सहा वर्षांचं काय करायचं?

दादा आठवडी सुट्टीवर होता. ओट्यावर बसून बूट पुसत होता. म्हातारा झालाय. मला बघून उठला नाही.

"काय काम काढलं?"

"दादा, मला बोलावू नका असं आईनेच सांगितलं होतं का?"

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. त्याने आधी आत वहिनीकडे बघितलं. तिने मान हलवली – मी नाही सांगितलं.

"कोणी सांगितलं तुला?"

"हो की नाही एवढं सांग."

"हो," तो म्हणाला. "सोमवारीच मी फोन हातात घेतला होता. तिने काढून घेतला. 'तिला नको बोलवू. तिच्या हापिसान मोठे सायब येनार हायत. ती वरडंल.' मी ऐकेना, तर पिंकीला जवळ बोलावली, तिच्या डोक्यावर माझा हात ठेवला आणि शपथ घातली. बोलवायचं नाही, आणि तिने नको म्हटलं हे तुला कधी कळू द्यायचं नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घातलेली शपथ. कशी मोडू?"

इथे मला एक गोष्ट लिहायला हवी. आईच्या आजाराच्या पंधरा दिवस आधी तिचा ऑफिसात फोन आला होता. तपासणी तोंडावर होती, माझं प्रमोशन अडकलं होतं. तिला फक्त सांगायचं होतं की खाडीतले निवट्या मासे मिळालेत, पाठवू का. मी म्हणाले, "आई, ऑफिसात फोन करत जाऊ नकोस, तुला किती वेळा सांगायचं? साहेब ओरडतात." हे मी सहा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"बाराव्याला तरी बोलायचंस," मी म्हणाले.

"बोललो असतो तर तू काय म्हणाली असतीस? मेलेल्या माणसावर ढकलतोय, असंच म्हणाली असतीस." तो बरोबर बोलत होता. "आता कसं खरं वाटलं? कोण आलं होतं सांगायला?"

मी कात्रणं त्याच्यापुढे ठेवली. जसं घडलं तसं सांगितलं. मला वाटलं तो हसेल, नाहीतर अंगावर येईल.

"म्हणजे पेपरात आलं म्हणून पटलं," तो एवढंच म्हणाला. "माणसाचं नाही पटलं."

मग त्याने चष्मा लावला. चारही कात्रणं ओट्यावर ओळीने मांडली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून बुटांखाली दाबली, आणि वाचायला लागला. संकेतावर बोट ठेवून, एकेक. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी लिहिलेली उत्तरंही वाचली. वहिनी चहा ठेवून गेली, तो निवला. बराच वेळ तो काय शोधतोय ते मला कळलं नाही. गुरुवारचं कात्रण त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उलटून मागची जाहिरातही बघितली.

"यात मी कुठं हाय?" त्याने विचारलं.

पेज होती, घास होता, भरवणारा नव्हता. मांजर होतं. बंद घड्याळ होतं. तीन रात्री तिला उचलून संडासला नेणारा दादा चारही कोड्यांत नव्हता. एक संकेत नाही, एक चौकोन नाही. फक्त एका ठिकाणी त्याचं नाव होतं. ते मी लिहिलेलं, आणि मीच खोडलेलं.

"अजून उद्याचं येईल," मी म्हणाले. खोटं बोलायचा मला सराव नाही.

शुक्रवारी माझ्या पेपरात सगळ्यांचंच कोडं होतं. विषय : दागिने. त्यानंतर रोज तसंच. मी गुण देते, ग्रुपवरचे हसतात. माझ्या चार कोड्यांची उत्तरं पेपरात कधीच आली नाहीत.

कुणी छापलं, कसं छापलं, एकाच प्रतीत कसं आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. जोशी काकांकडेही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, पण "आईचा आत्मा" वगैरे लिहू नका. ती असती तर तिने त्याच्यासाठी निदान एक आडवा शब्द ठेवला असता, असं मला वाटतं. का ठेवला नाही हे मला माहीत नाही. आता दादाने तोच पेपर लावलाय. वहिनी सांगते, रोज सकाळी कामावर जायच्या आधी पूर्ण कोडं वाचतो. सोडवत नाही, नुसतं वाचतो. मग घडी घालून ठेवून देतो.